अजिंठा लुक: सतराव्या लेण्यातला आरसा आणि आपल्या बाटलीतला गेरू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी शक्य तितके काढलेत. काही राहिले असतील तर राहू देत.

आजचा विषय ऐकून काही जणांनी मेसेज केला की इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये मेकअप कशाला? तर सुरुवात अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यापासून करू. तिथल्या चित्रांच्या गर्दीत एक बाई उभी आहे. अंगभर दागिने, हातात गोल आरसा, नजर आरशात. शेजारी दोन दासी. एकीच्या हातात चवरी आणि दुसरीच्या हातात प्रसाधनाचं तबक. बाईला कुठेतरी जायचंय आणि तिचं आवरणं चाललंय, एवढाच विषय. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत युद्धं भरपूर सापडतात, तह सापडतात. पण पंधराशे वर्षांपूर्वी कुणीतरी तयार होताना कसं दिसत होतं, याचं एवढं स्वच्छ चित्र आपल्या जिल्ह्यात, घरापासून शंभरेक किलोमीटरवर आहे. तो इतिहास नाही तर काय?

ही चित्रं वाकाटकांच्या काळातली. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा, म्हणजे आजचं वाशीम, आणि राजा हरिषेण. सोळावं लेणं त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करवून घेतलं, तसा शिलालेखच तिथे आहे. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने आयुष्यभर अजिंठ्यावर काम केलं आणि दुसऱ्या टप्प्यातली ही सगळी लेणी साधारण इसवी सन ४६२ ते ४८० एवढ्या थोड्या वर्षांत झाली असं मांडलं. ही कालरेषा सगळ्यांना मान्य नाही, पण पाचवं शतक म्हटलं तर फारसं कुणी भांडणार नाही.

आता त्या तबकात काय असेल?

चित्रातून वाटीतलं नेमकं द्रव्य ओळखता येत नाही. पण त्या काळाच्या मागेपुढे लिहिलेल्या ग्रंथांमधून यादी करता येते. डोळ्यांसाठी अंजन, अंगाला चंदन आणि केशराची उटी, कपाळाला आणि गालांना नक्षी काढण्यासाठी गोरोचन किंवा चंदन. या गालावरच्या वेलबुट्टीला पत्रलेखा म्हणत. ओठांना आणि पायांना अलक्तक, म्हणजे आपला अळता. अळता लाखेपासून करतात, आणि लाख हा एका किड्याने झाडाच्या फांदीवर केलेला थर. हा किडा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात शहरी माणसाची, 'नागरका'ची, दिनचर्या दिली आहे. सकाळी उठायचं, दात घासायचे, अंगाला थोडी उटी लावायची, धूप घ्यायचा, माळ घालायची, मग ओठांना सिक्थक आणि अलक्तक लावायचं, आरशात तोंड बघायचं, विडा खायचा आणि कामाला लागायचं. सिक्थक म्हणजे मधमाश्यांचं मेण. मेण आणि वर लाखेचा रंग, याला आज आपण टिंटेड लिप बाम म्हणतो. आणि हे वर्णन पुरुषाचं आहे! पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघताना त्याच्या भुवया, ओठ, मुकुट, गळ्यातली मोत्यांची माळ हे सगळं नीट बघा. पुरुषाने नटण्यात काही वावगं आहे, असं त्या चित्रकाराच्या गावी नव्हतं.

मेणावरून माझी आजी आठवते. तिच्या फणेरपेटीत (हा शब्द नवीन असेल तर: आरसा, फणी, कुंकवाचा करंडा हे सगळं मावणारी लाकडी पेटी) मेणाची एक छोटी डबी असायची. आधी बोटाने कपाळावर मेण टेकवायचं, मग त्यावर कोरडं कुंकू गोल बसवायचं. घामाने पसरायचं नाही. मेकअपच्या कोर्सला हल्ली पहिल्या दिवशी प्राइमर म्हणून जे शिकवतात ते हेच. काजळही घरीच. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट उपडं, रात्रभर जमलेली काजळी सकाळी खरवडून तुपात कालवायची. अजिंठ्याच्या भिंतीवरचा काळा रंगही दिव्याची काजळीच. भिंतीवरच्या डोळ्यातलं आणि खऱ्या डोळ्यातलं काळं एकाच जातीचं होतं.

थोडं अजिंठ्याच्या बाहेर जाऊ. जालना जिल्ह्यातलं भोकरदन सगळ्यांना माहीत आहे, बस तिथे थांबते म्हणून तरी. जुनं नाव भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात हे व्यापारी मार्गावरचं भरभराटीचं गाव होतं. १९७० च्या दशकात नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून तिथे उत्खनन केलं, तेव्हा हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. आता गंमत बघा. इटलीत पॉम्पेई नावाचं शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. वीतभर उंची, दागिन्यांनी मढलेली बाई, आणि दोन बाजूंना दोन छोट्या दासी, हातात प्रसाधनाची भांडी घेतलेल्या. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती आरशाची मूठ किंवा एखाद्या छोट्या टेबलाचा पाय असावी. तिचं सगळ्यात जवळचं साम्य कुणाशी? भोकरदनच्या मूर्तीशी, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या हस्तिदंती मूर्तीशी. म्हणून ती दख्खनमध्ये, कदाचित आपल्याच भागात घडली असं मानणारे अभ्यासक आहेत.

म्हणजे मधली बाई आणि बाजूच्या तबकवाल्या दासी, ही रचना सतराव्या लेण्याच्या निदान चारशे वर्षं आधीपासून रूढ होती आणि जहाजात बसून रोमन घरापर्यंत गेली होती. संभाजीनगरच्या ब्युटी पार्लरच्या बोर्डावर कोरियन मॉडेलचा चेहरा बघून मला नेहमी हे आठवतं. सौंदर्याच्या कल्पना आयात करणं नवीन नाही, फक्त पूर्वी निर्यातही जोरात होती.

मग आता आपण ज्याला 'प्राचीन भारतीय लुक' म्हणतो, तो कुठून आला?

शाळेच्या गॅदरिंगमध्ये शकुंतला, सीता, आम्रपाली, कुणीही असो, एकच ठरलेला वेश असतो. छातीवर घट्ट पट्टा, कमरेला धोतरासारखं नेसलेलं वस्त्र, दंडात वाकी, डोक्यावर उंच अंबाडा, डोळ्यांना कानापर्यंत ओढलेलं काजळ. हे आपल्याला थेट प्राचीन काळातून मिळालेलं नाही. त्याचा मोठा भाग १९६६ च्या 'आम्रपाली' सिनेमातून आलाय. दिग्दर्शक लेख टंडन, नायिका वैजयंतीमाला, आणि वेशभूषा भानू अथैया. भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये, जन्म १९२९. वडील चित्रकार, स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या. 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळाला तो जॉन मोलो यांच्यासोबत, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आम्रपालीसाठी त्या अजिंठ्याला येऊन चित्रं अभ्यासून गेल्या होत्या.

त्यांनी केलेलं काम मला फार हुशारीचं वाटतं. अजिंठ्यातल्या बायकांच्या अंगावर वरच्या भागात कित्येकदा वस्त्र नसतं, किंवा इतकं तलम असतं की नसल्यासारखंच. १९६६ च्या हिंदी सिनेमात ते दाखवणं शक्य नव्हतं. मग भानूताईंनी भिंतीवरचे रंग, दागिने, गाठी आणि वस्त्र अंगावर बसण्याची पद्धत घेतली आणि पडद्यावर चालेल असा एक नवा वेश शिवला. तो इतका पटला की सिनेमा पडला तरी वेश टिकला. पुढच्या पिढ्यांनी अजिंठ्याकडे बघायचं सोडून आम्रपालीकडे बघून आम्रपाली केली. आमच्या भाषेत सांगायचं तर मूळ कोड कुणी उघडलाच नाही, सगळ्यांनी एकाच फोर्कवरून कॉपी केली.

बाहेरच्या जगातही तेच. ॲना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तिका १९२२ च्या सुमारास भारतात फिरून गेली आणि १९२३ मध्ये लंडनला तिने अजिंठ्याच्या चित्रांवर बॅले बसवला. तिथल्या प्रेक्षकांचा अजिंठा तो.

आता डोळ्यांकडे येऊ, कारण 'अजिंठा लुक' म्हटलं की पहिली मागणी डोळ्यांची असते. वैजयंतीमालाच्या डोळ्यांची जी लांब शेपटी आहे, ती माझ्या मते अजिंठ्यापेक्षा साठच्या दशकाची जास्त आहे. १९६३ मध्ये एलिझाबेथ टेलरची 'क्लिओपात्रा' आली होती आणि जगभर आयलायनर लांबलं होतं. अजिंठ्यातला डोळा वेगळा आहे. तो लांब आहे हे खरं, पण ती लांबी काजळाने आलेली नाही. ती रेखाटनातच आहे. चित्रकार रंग भरून झाल्यावर शेवटी बाह्यरेषा पुन्हा पक्की करायचा, त्या रेषेतच डोळा माशासारखा निमुळता होतो. विष्णुधर्मोत्तर पुराणात 'चित्रसूत्र' नावाचा भाग आहे, चित्रकलेचं जवळजवळ मॅन्युअलच, साधारण पाचव्या ते सातव्या शतकातलं. त्यात डोळ्यांचे पाच आकार सांगितलेत आणि प्रत्येकाला मनःस्थिती जोडून दिली आहे. ध्यानस्थ माणसाचा डोळा धनुष्यासारखा, बायकांचा आणि प्रेमात पडलेल्यांचा माशाच्या पोटासारखा, शांत माणसाचा निळ्या कमळाच्या पाकळीसारखा, घाबरलेल्याचा किंवा रडणाऱ्याचा पद्माच्या पाकळीसारखा, असं. म्हणजे डोळ्याचा आकार हा त्या माणसाच्या मनाची खूण होती, तोंडावळ्याचं मोजमाप नव्हतं.

पद्मपाणीची पापणी अर्धी मिटलेली आहे आणि नजर खाली. त्याच्या डोळ्याचं सगळं वजन वरच्या पापणीत आहे. त्यामुळे तो डोळा चेहऱ्यावर आणायचा तर शेपटी ओढण्याऐवजी वरच्या पापणीच्या घडीत गेरूच्या रंगाची सावली भरावी लागते, पापणीच्या मध्यावर उजळ ठिपका ठेवावा लागतो, आणि काजळ फक्त पापणीच्या मुळाशी. हे माझं ज्ञान नाही. माझी मावसबहीण, आमची ताई, ब्रायडल मेकअप करते. तिने एका मॉडेलच्या डाव्या डोळ्याला आम्रपाली आणि उजव्या डोळ्याला पद्मपाणी करून दाखवलं, तेव्हा मला हे कळलं. फरक एवढा होता की ती मुलगी डावीकडून कुणावर तरी चिडल्यासारखी दिसत होती आणि उजवीकडून नुकतीच झोपेतून उठल्यासारखी.

छायाप्रकाशाचंही तसंच. चित्रसूत्रात 'वर्तना' म्हणजे शेडिंगचे तीन प्रकार दिलेत. पानांच्या शिरांसारख्या रेषांनी, अगदी बारीक एकमेकींत मिसळणाऱ्या छटांनी, आणि ठिपक्यांनी. अजिंठ्यात नाकाच्या दांड्यावर, ओठावर, हनुवटीवर पांढरा उजळ फटकारा दिसतो. हाच हल्लीचा हायलाइटर, आणि अगदी त्याच जागी. कारणही एकच: अंधार. लेण्यात दाराकडून येणारा प्रकाश आणि दिवे, एवढंच होतं. पहिल्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर गाइड बाजू बदलून टॉर्च मारतात आणि चेहऱ्यावरचा भाव बदललेला दाखवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. चेहरा प्रकाशाने बनतो हे त्या कारागिरांना पक्कं माहीत होतं. लग्नाच्या हॉलमध्ये मात्र चारही बाजूंनी एलईडी लाइट सोडलेले असतात आणि मग चेहऱ्यावर सावली उरतच नाही, ती ब्रशने काढावी लागते.

आता रंग. आणि इथे मला जरा जास्त वेळ घ्यायचाय.

ताईकडे एक मुलगी आली होती. लग्न डिसेंबरात, मुलगी सावळी, फार देखणी, आणि तिला हळदीच्या आधीच्या संगीताला अजिंठा लुक हवा होता. ताईने माझ्यावर काम सोपवलं, 'तू कॉम्प्युटरवाली आहेस, मला भिंतीवरच्या कातडीचे रंग काढून दे.' मी मुद्दाम एकाच चेहऱ्याचे वेगवेगळ्या काळातले तीन फोटो घेतले, एक जुन्या पुस्तकाच्या छपाईचा स्कॅन, दोन अलीकडचे, आणि कलर पिकरने गालाच्या त्याच जागेचा रंग उचलला. तीन फोटोंत तीन रंग निघाले. एकात मधासारखा सोनेरी, एकात तपकिरी, एकात हिरवट झाक असलेला मातकट. कॅमेरा आणि छपाईचा फरक धरला तरी एवढा फरक जास्त होता.

याचं एक मोठं कारण इतिहासातच आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, त्यानंतर नकला करणाऱ्यांची रांग लागली. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून चित्रं रंगवत होता, त्यातली बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून आले, त्यांच्याही कित्येक नकला १८८५ च्या आगीत गेल्या. चित्रं नीट दिसावीत म्हणून भिंतींवर वार्निश मारण्याची सवय तेव्हापासूनची. पुढे आपला भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात असताना पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. १९२० च्या सुमारास इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले गेले. त्यांनी निसटून पडणारा गिलावा भिंतीला पुन्हा पक्का बसवला, आणि त्याबद्दल आपण त्यांचे ऋणीच राहिलं पाहिजे. पण चित्रांवर त्यांनी लाखेचं वार्निश, म्हणजे शेलॅक, चढवलं. ते काही वर्षांत पिवळं पडलं, मग तपकिरी झालं, वर धूळ आणि वटवाघळांची घाण बसली.

लाख! तोच किडा. त्याच्या थरातला लाल रंग राजकन्येच्या ओठांना आणि तळपायांना गेला, आणि पंधराशे वर्षांनी त्याच थरातली राळ तिच्या चेहऱ्यावर पिवळी होऊन बसली.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ हे थर गेली कित्येक दशकं सावकाश उतरवत आहेत. १९९९ पासून मॅनेजर सिंग यांच्या पथकाने केलेल्या कामात दहाव्या लेण्यासारख्या ठिकाणी, जिथे काळं पुटच दिसायचं, तिथे चेहरे बाहेर आले. म्हणजे सोशल मीडियावर 'अजिंठा पॅलेट' म्हणून जो ऊबदार सोनेरी तपकिरी रंग फिरतो, आणि ज्या नावाने आयशॅडो एकमेकांना सुचवल्या जातात, त्यातला बराच सोनेरीपणा पाचव्या शतकाचा नाही. तो विसाव्या शतकाचा आहे.

मग खाली काय होतं? गेरू, पिवळी माती, काजळी, चुना आणि चिकणमातीचा पांढरा, आणि हिरवा. हा हिरवा इथलाच, आपल्या काळ्या दगडाच्या पोकळीत सापडणाऱ्या खनिजाचा. लेण्यांच्या पायथ्याशी स्फटिकांचे दगड विकणारे मागे लागतात ना, त्याच दगडाच्या पोटातला. फक्त निळा परदेशी होता: लाजवर्द, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा. एवढ्या लांबून आणलेला रंग, त्यामुळे तो जिथे लावलाय तिथे चित्रकाराने विचार करूनच लावलाय.

आता तुमच्या घरातली फाउंडेशनची बाटली उचला आणि मागची बारीक अक्षरं वाचा. सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९. हे अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा आयर्न ऑक्साइड. लाल आयर्न ऑक्साइड म्हणजे रंगापुरता गेरूच, आणि पिवळा म्हणजे पिवळी माती. कारखान्यात शुद्ध बनवलेले असतात, एवढाच फरक. चौथा नंबर ७७८९१, टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढरा. जगातला जवळजवळ प्रत्येक फाउंडेशन शेड या चार रंगांच्या प्रमाणावर ठरतो. शेड 'उजळ' करायचा म्हणजे व्यवहारात त्यातला पांढरा वाढवायचा. आणि सावळ्या कातडीवर पांढरा जास्त झाला की चेहरा उजळत नाही, राखाडी होतो. पाहुण्यांच्या घोळक्यात मान एका रंगाची आणि चेहरा भस्म फासल्यासारखा, असे फोटो आपल्या प्रत्येकाच्या फॅमिली अल्बममध्ये आहेत.

ट्रायलच्या दिवशी मुलीची आई सोबत होती. काकू चांगल्या होत्या, पोटतिडकीने बोलत होत्या. 'ताई, तुम्ही अजिंठा करा नाहीतर वेरूळ करा, पण बेस दोन नंबर उजळ घ्या. सासरची माणसं पहिल्यांदाच एवढी जमणार आहेत.' मुलगी काही बोलली नाही. आरशात बघत राहिली.

त्या रात्री मी चित्रसूत्र पुन्हा काढलं. १९२० च्या दशकात स्टेला क्रॅमरिश यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, ते सहज मिळतं. त्यात माणसांच्या वर्णाचे दोन मुख्य भाग केलेत, गौर आणि श्याम. गौर वर्णाच्या छटा पाच: सोन्यासारखी, दातासारखी, फोडलेल्या चंदनासारखी, शरदातल्या ढगासारखी, शरदातल्या चंद्रासारखी. आणि श्याम वर्णाच्या छटा किती? बारा. मुगासारखी, दूर्वांच्या कोंबासारखी, निळ्या कमळासारखी, पावसाळी ढगासारखी... गोऱ्याच्या पाच, सावळ्याच्या बारा. कुठल्याही दुकानातल्या फाउंडेशनच्या रांगेसमोर उभं राहा आणि उजळ बाटल्या किती, गडद किती ते मोजा. मी निराला बाजारातल्या एका दुकानात मोजल्या. गणित उलटं आहे.

लगेच टाळ्या वाजवू नका. हेच ग्रंथ समाजाच्या उतरंडीप्रमाणे रंग वाटूनही देतात. नाट्यशास्त्रात अंगरचना म्हणजे नटाच्या अंगाला रंग लावण्याचे नियम आहेत, त्यात कष्टकरी, आजारी, दुष्कर्मी अशांना काळसर रंग दिलाय आणि सुखवस्तू माणसांना उजळ. प्राचीन काळी सगळं समतेचं होतं आणि रंगभेद इंग्रजांनी आणला, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग वाचावा. पण कागदावरचा नियम आणि भिंतीवरचं चित्र नेहमी जुळत नाही. पहिल्या लेण्यात एक स्त्री आहे, इंग्रजीत तिला 'ब्लॅक प्रिन्सेस' म्हणतात, मराठीत कुणी कृष्णसुंदरी म्हणतं. कातडी गडद, मान किंचित कललेली, मुकुट, मोती, सगळा राजेशाही थाट. तिच्यावर कष्टकऱ्याची किंवा आजाऱ्याची कुठलीही खूण नाही. तिला रंगवणाऱ्याने पांढरा रंग कातडीत मिसळलेला नाही, तो दागिन्यांसाठी राखून ठेवलाय. म्हणून मोती उठून दिसतात. गोऱ्या गळ्यावर ते तेवढे उठले नसते.

ताईने दुसऱ्या ट्रायलला हेच केलं. काकूंशी वाद घातला नाही. मुलीच्या अर्ध्या चेहऱ्याला दोन नंबर उजळ बेस, अर्ध्याला तिच्याच रंगाचा, गळ्यात मोत्याची माळ, आणि फोनवर बाजूला कृष्णसुंदरीचा फोटो. खोलीतली ट्यूब बंद करून एकच दिवा बाजूने लावला. काकू बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, 'मोती या बाजूचे बरे दिसतायत.' पुढे, 'पण स्टेजवर लाइट असतात ना.' शेवटी तडजोड अशी झाली की संगीताला मुलीच्या रंगाचा बेस आणि लग्नाच्या दिवशी एक नंबर उजळ. ताई म्हणते, 'एक नंबर म्हणजे अर्धी लढाई.' मला तेवढं पुरेसं वाटत नाही, पण ब्रश माझ्या हातात नाही आणि पाहुणेही माझे नाहीत.

संगीताच्या लुकमध्ये काय काय होतं ते बऱ्याच जणींनी विचारलंय, म्हणून सांगते. पापणीच्या घडीत गेरूच्या रंगाची सावली, मुळाशी काजळ, शेपटी नाही. भुवया कोरून बारीक केल्या नाहीत, आहेत त्याच एका वाकात बसवल्या. नाकाचा दांडा, वरच्या ओठाची कमान आणि हनुवटी, एवढ्याच तीन जागी हायलाइटर, आणि तो चमचमता नाही, सोनेरी झाकेचा मंद. ओठांना आधी मेणाचा बाम, वर अळत्याच्या जवळचा गडद लाल, बोटाने थोपटून. खालच्या पापणीला अगदी बारीक निळी रेघ, लाजवर्दच्या नावाने. पत्रलेखा म्हणून उजव्या गालावर चंदनाच्या रंगाची एक छोटी वेल काढली होती. ती मुलीने गाडीत बसायच्या आधी पुसून टाकली, म्हणाली लहान मुलांच्या फेस पेंटिंगसारखं वाटतंय. खरं सांगू, तसंच वाटत होतं. पाचव्या शतकातली प्रत्येक गोष्ट आज चेहऱ्यावर शोभेलच असं नाही.

आणि आठवडाभराने फोटो आले. फोटोग्राफरने सगळ्या अल्बमला एकच फिल्टर मारला होता. सगळे एकसारखे, उजळ, मधासारखे सोनेरी. ताईने त्याला फोन करून मूळ फाइल मागवल्या. मिळाल्या, पण भांडून.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर एक-दोन गोष्टी. अजिंठा सोमवारी बंद असतो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला स्वतःची गाडी ठेवून पुढे तिथल्या बसने जावं लागतं. फ्लॅश वापरायला मनाई आहे, आणि ती पाळा. पहिल्या लेण्यात गर्दी असते, म्हणून लोक तिथेच दमतात आणि सतराव्यापर्यंत पोचता पोचता घाईत येतात. उलट करा, सकाळी लवकर पोचून आधी सतराव्याला जा. आत शिरल्यावर पाच मिनिटं काहीच बघू नका, नुसतं उभं राहा, डोळे अंधाराला सरावले की आरसावाली बाई हळूहळू दिसायला लागते. आधी दागिने दिसतात, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी.